दारू आणि गाडी : कोणता कायदा जीव वाचवतो?

वस्तीत रस्ते अपघाताची बातमी येते, तेव्हा ती बहुतेक वेळा एखाद्या तरण्याताठ्या मुलाची असते. घरात तोच कमावता असतो. मागे राहतात आईवडील, बायको, शाळेत जाणारी मुले आणि गाडीचे हप्ते. सांत्वनाला आलेले लोक म्हणतात, "नशिबात होते." आम्हाला हे मान्य नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याने येणारा मृत्यू टाळता येतो. अनेक देशांनी असे मृत्यू कमी करून दाखवले आहेत. कोणी काय केले, कशाचा उपयोग झाला आणि काय फसले, हे या वेळच्या आरोग्य पानावर आपण समजून घेऊ.

आधी आपल्या देशाचे चित्र पाहू. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातात गेली. त्यांतील दर शंभरांत सुमारे ४४ जण दुचाकीवरचे होते. हे सगळे मृत्यू दारूमुळे झाले असे नाही. पण प्रत्येक अपघातानंतर चालकाची दारूची तपासणी होतेच असेही नाही. त्यामुळे दारूचा खरा वाटा नोंदीत पूर्ण दिसत नाही.

शरीरात काय घडते?

देशी असो, इंग्रजी असो की बिअर, नशा आणणारा मद्यार्क एकच. तो पोटातून आणि आतड्यातून रक्तात जातो व काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचतो. तिथे सर्वांत आधी आपली पारख मंदावते. म्हणूनच प्यायलेला माणूस ठामपणे सांगतो, "मला काही झालेले नाही." त्याला ते खरेच वाटत असते. मग नजर, तोल आणि हातापायांची चपळाई कमी होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तरी समोरचे मूल आणि गाडी यांच्यातले आठ मीटर अंतर संपलेले असते.

रक्तातली दारू यकृत आपल्या ठरलेल्या संथ गतीनेच काढून टाकते. लिंबूपाणी, ताक, कोरा चहा किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी ती लवकर उतरत नाही. उतरते ती फक्त वेळ गेल्यावर. रात्री उशिरापर्यंत भरपूर प्यायलेला माणूस सकाळी रिक्षा घेऊन धंद्याला निघतो, तेव्हाही त्याच्या रक्तात दारू असू शकते.

मर्यादा ठरली, मोजमाप आले

पूर्वी चालक नशेत आहे हे सिद्ध करणे अवघड होते. त्याचा तोल कसा आहे, बोलणे कसे आहे, यावर वाद चालत. नॉर्वेने १९३६ मध्ये रक्तातल्या दारूची मर्यादा कायद्याने आखली : १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. आज तिथे आणि शेजारच्या स्वीडनमध्ये ही मर्यादा २० आहे.

ब्रिटनने १९६७ मध्ये ८० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि पोलिसांच्या हाती श्वास तपासणारे साधन दिले. त्या वेळच्या वाहतूक मंत्री बार्बरा कॅसल यांनी मोठा विरोध सोसून हे केले. पहिल्याच वर्षी रस्त्यावरचे मृत्यू हजाराहून अधिक संख्येने कमी झाले. पण पुढे लोकांच्या लक्षात आले की पोलीस क्वचितच थांबवतात. धाक गेला आणि कायद्याचा परिणामही ओसरत गेला.

शिक्षेपेक्षा पकडले जाण्याची खात्री मोठी

हे सूत्र ऑस्ट्रेलियाने नीट ओळखले. तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्यात डिसेंबर १९८२ पासून कोणत्याही चालकाला, संशय असो वा नसो, थांबवून श्वास तपासायला सुरुवात झाली. तपासणी भर रस्त्यात, सर्वांना दिसेल अशी होती. ती आज इथे, उद्या तिथे होई आणि ती वर्षानुवर्षे थांबली नाही. जीवघेणे अपघात सुमारे पाचव्या हिश्शाने घटले.

यातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मित्र आग्रह करतात तेव्हा "नको" म्हणणे पुरुषांना जड जाते. या तपासणीमुळे त्यांना एक सोपे उत्तर मिळाले : "नको रे, गाडी चालवायची आहे, पोलीस धरतील." कुणाचा मान गेला नाही आणि जीवही वाचला.

उलट उदाहरण स्कॉटलंडचे आहे. तिथे डिसेंबर २०१४ मध्ये मर्यादा ८० वरून ५० वर आणली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र अपघात कमी झालेले दिसले नाहीत. नियम कडक झाला, पण रस्त्यावरची तपासणी त्या प्रमाणात वाढली नाही, हे त्याचे एक कारण अभ्यासकांनी सुचवले. अमेरिकेच्या यूटा राज्यानेही २०१८ च्या अखेरीस मर्यादा ८० वरून ५० केली. तिथे २०१९ मध्ये जीवघेण्या अपघातांचे प्रमाण जवळपास २० टक्क्यांनी खाली आले. पिणाऱ्यांपैकी अनेकांनी घरी परतण्याची सोय आधीच ठरवायला सुरुवात केली होती. कागदावरचा आकडा दोन्हीकडे सारखाच होता. लोकांच्या वागण्यात बदल झाला, तिथे तो कामी आला.

जपान : दोष एकट्या चालकाचा नाही

ऑगस्ट २००६ मध्ये जपानमधील फुकुओका येथे एका पुलावर दारू प्यायलेल्या चालकाने पुढच्या गाडीला धडक दिली. ती गाडी समुद्रात पडली आणि एकाच घरातली तीन लहान मुले बुडाली. सगळा देश हळहळला. २००७ मध्ये कायदा बदलला. चालकाची शिक्षा वाढलीच, पण गाडी चालवणार हे माहीत असून त्याला दारू देणारा, गाडी देणारा आणि प्यायलेल्या चालकाला "मला सोड" म्हणून शेजारी बसणारा, हे सगळे गुन्हेगार ठरले. २००० च्या सुमारास तिथे दारूमुळे होणारे जीवघेणे अपघात वर्षाला हजाराच्या वर होते. अलीकडे ते दोनशेच्या खाली आले आहेत. तिथे प्यायलेल्या माणसाची गाडी चालवून त्याला घरी पोहोचवणारे भाड्याचे चालकही मिळतात. नुसती मनाई करून भागत नाही, घरी पोहोचण्याची वाटही हवी.

आपला कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार भारतात मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. ती ब्रिटनपेक्षा कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकाने हटवण्याचा आदेश दिला. पुढे त्यात छोट्या गावांसाठी आणि शहरी हद्दीसाठी सवलती आल्या.

म्हणजे आपल्याकडे आकड्याची कमतरता नाही. कमी पडते ती रोजची, सगळीकडची आणि सर्वांना सारखी तपासणी. ३१ डिसेंबरच्या रात्री नाकाबंदी आणि बाकी वर्षभर शुकशुकाट, यातून धाक निर्माण होत नाही.

वस्तीत आपण काय करू शकतो?

पाचवे शील पाळणाऱ्या घरात हा प्रश्नच उरत नाही. पण प्रत्येक घरात सगळेच पाळतात असे नाही, हे आपण जाणतो. म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

हळदीला किंवा वरातीला टेम्पो, जीप ठरवताना चालक कोण, हे आधीच पक्के करा. त्याला वेळेवर जेवायला द्या आणि त्याला दारूचा आग्रह कुणी करणार नाही, याची जबाबदारी घरातल्या एका मोठ्या माणसाने घ्या.

कुणी प्यायला असेल तर गाडीची किल्ली काढून घ्या. हुज्जत घालू नका, तिथेच चटई टाका आणि झोपू द्या. सकाळी राग येईल, पण माणूस असेल.

प्यायलेल्याच्या मागे बसू नका, मुलांना तर मुळीच बसवू नका. सख्खा भाऊ असला तरी नाही. हेल्मेट दोघांनीही घाला.

अपघात दिसला तर १०८ किंवा ११२ वर फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

ज्याला रोज प्यायल्याशिवाय राहवत नाही, तो आजारी आहे. त्याला मारहाण आणि टोमणे यांचा उपयोग नाही. पण अशा माणसाची दारू एकदम तोडू नका. हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असा धोका असतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडवा. सरकारी व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे, त्यावर फोन मोफत लागतो.

आपल्या महिला मंडळांनी आणि तरुण मंडळांनी जवळच्या पोलीस ठाण्यात निवेदन द्यावे : आमच्या रस्त्यावर तपासणी सणापुरती नको, नियमित हवी. न्यू साउथ वेल्समध्ये जे घडले ते याच मार्गाने घडले. पोलीस रस्त्यावर येईपर्यंत मात्र थांबायची गरज नाही. घरातली किल्ली आजही आपल्याच हातात आहे.