हृदयविकार आणि शाळकरी मूल

हृदयविकार हा शब्द उच्चारताच छातीवर हात दाबून कोसळणारा प्रौढ मनुष्य डोळ्यांपुढे येतो. हा विकार मोठ्यांचा, शाळेशी त्याचा संबंध काय, असाच समज सर्वसाधारणपणे आढळतो. परंतु हृदयाचा एक अत्यंत घातक विकार असा आहे की, त्याचा आरंभ बहुधा पाच ते पंधरा या वयात, म्हणजे मूल आपल्या वर्गात बसत असतानाच होतो. आणि तो बव्हंशी टाळता येण्याजोगा आहे. प्रस्तुत पाठात इतर विकारांचा थोडक्यात परामर्श घेऊन मुख्यतः त्याचाच विचार करावयाचा आहे.

मुठीएवढा हा स्नायुमय अवयव दिवसाकाठी सुमारे १ लाख ठोके देतो. त्याचे कप्पे चार. वरचे दोन म्हणजे कर्णिका किंवा अलिंद, खालचे दोन म्हणजे जवनिका किंवा निलय. रक्त एकाच दिशेने वाहावे, माघारी फिरू नये, यासाठी जागोजागी झडपा असतात. विहिरीवरील पंपाच्या तळाची झडप बिघडली की पाणी परत विहिरीत उतरते, आणि यंत्र चालत असूनही पाटाला पाणी येत नाही. हे खेड्यातील मुलास सांगावे लागत नाही. हृदयाचेही तसेच होते. झडप नीट मिटली नाही तर रक्त मागे गळते. ती आकसली तर पुढे जाण्याची वाट अरुंद होते. दोन्ही परींनी हृदयावरील भार वाढतो.

प्रौढांमध्ये अधिक आढळणारा विकार याहून वेगळा आहे. खुद्द हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या आतील बाजूस मेदाचे थर साचतात व तेथे गुठळी होऊन प्रवाह अडला की झटका येतो. उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता, व्यायामाचा अभाव, आनुवंशिकता आणि तंबाखू ही त्याची प्रमुख कारणे होत. विडी-सिगारेट तर घातक आहेच, पण चघळण्याची तंबाखूही निरुपद्रवी नाही. व्यसनाचे दुष्परिणाम फळ्यावर लिहून मधल्या सुट्टीत डबी उघडणाऱ्याचा पाठ मुले कसा घेत असतील, हे सांगावयास नको.

काही बालकांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. कप्प्यांमधील पडद्यास छिद्र राहणे हा त्यांतील नेहमीचा प्रकार. ओठ व नखे निळसर दिसणे, थोड्या धावण्याने धाप लागणे, खेळता खेळता मध्येच उकिडवे बसणे या खुणा दिसल्यास त्या मुलास आळशी समजून कवायतीस उभे करू नये. आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आता मुख्य विषय. मालागोलाणू नावाच्या जंतूंच्या एका विशिष्ट गटामुळे घसा सुजतो. एका खोलीत अनेक माणसे दाटीने निजतात तेथे तो सहज पसरतो. घसा आपोआप बरा होतो आणि घरातील मंडळी ती गोष्ट विसरूनही जातात. परंतु काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी संधिज्वर उद्भवतो. डॉक्टर यास रुमॅटिक फीवर म्हणतात. जंतूशी झगडण्यासाठी शरीराने उभी केलेली शक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटते. आज गुडघा सुजतो, तो उतरतो तोच घोटा किंवा कोपर धरतो. सांधे पुढे पूर्ववत होतात, म्हणून सर्वांस हायसे वाटते. झडपांवर पडलेला व्रण मात्र राहून जातो. पुन्हा घसा आला, पुन्हा ज्वर आला, की तो व्रण अधिक खोल होतो. कित्येक मुलींच्या बाबतीत हा दोष प्रथम उघड होतो तो पहिल्या गरोदरपणात, धाप लागून रुग्णालयात नेण्याची पाळी येते तेव्हा.

या विकाराची एक खूण शिक्षकांच्याच दृष्टीस आधी पडण्याचा संभव आहे. सुवाच्य लिहिणाऱ्या मुलाचे अक्षर अकस्मात बिघडते, हातातील वस्तू पडतात, हातपाय व चेहरा नकळत हलू लागतात. कोरिया नावाचे हे लक्षण संधिज्वराचेच होय. वर्गात त्याची गणना खोडकरपणात होते व मुलास विनाकारण शिक्षा भोगावी लागते.

प्रत्येक घसादुखी अशी नसते. खोकला व वाहते नाक असेल तर ती बहुधा साधी सर्दीच होय. पण ताप, गिळताना तीव्र वेदना व जबड्याखाली दुखऱ्या गाठी असतील आणि खोकला नसेल, तर मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडावे. निदान करणे वा औषध देणे हे आपले काम नव्हे. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाल्यास संधिज्वर टाळता येतो. बरे वाटले तरी गोळ्या मध्येच सोडावयाच्या नाहीत. ते औषध म्हणजे पेनिसिलीन. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याचा शोध लावला, आणि १९५४ साली स्थापन झालेल्या पुण्याजवळील पिंपरीच्या सरकारी कारखान्यात आपल्या देशात ते तयार होऊ लागले.

ज्या मुलास एकदा संधिज्वर झाला, त्यास दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलीनची सुई घ्यावी लागते. निदान पाच वर्षे किंवा वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, यांपैकी जे अधिक असेल तोवर, आणि झडप बिघडली असल्यास त्याहूनही पुढे. येथेच पुष्कळदा घडी विस्कटते. मूल हसतेखेळते आहे, मग सुई कशाला, असे पालक म्हणतात. मुलगी असेल तर लग्नाच्या वेळी बभ्रा होईल या भीतीने उपचार बंद होतात. म्हणून पालकांशी बोलावयाचे ते एकांतात, वर्गात त्याची वाच्यता न करता.

२०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष व संधिज्वरजन्य हृदयविकार या दोहोंचीही तपासणी अंतर्भूत आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी नेमके अनुपस्थित राहिलेले मूल कोणते, याची नोंद ठेवून त्यास मागाहून आरोग्य केंद्रात पाठवावे. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांकडे अधिक लक्ष हवे. दिवाळीच्या सुमारास गाव सोडले की महिनोन्‌महिने सुई चुकते. निघण्यापूर्वी औषधाचे नाव, मागील सुईची तारीख व पुढील तारखा आरोग्य केंद्रातून एका कार्डावर लिहून घ्याव्यात, त्याची एक प्रत शाळेत ठेवावी आणि मूळ कार्ड मुलाच्या आईच्या हाती द्यावे.