दोन टक्क्यांत न बसणारे दायित्व

रत्नागिरी जिल्ह्याची ओळख दीर्घकाळ मनिऑर्डरीचा जिल्हा अशी होती. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि कचेऱ्या यांना या जिल्ह्याने माणसे पुरविली व त्यांच्या पगारावर वाड्यावाड्यांतील चुली पेटत्या ठेवल्या. गिरण्या गेल्या, पण चाकरमान्यांचा ओघ थांबला नाही. २००१ साली १६,९६,७७७ असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १६,१५,०६९ वर आली. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या त्या वेळी १,१२२ होती. ज्याला जाता येते तो जातो, एवढाच या आकड्यांचा अर्थ.

ज्याला जाता येत नाही, त्याचा विचार मात्र या आकड्यांत कोठेच दिसत नाही. अंध, कर्णबधिर, पायाने अधू किंवा बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग असलेला तरुण मुंबईतील दहा बाय दहाच्या खोलीत भावाबरोबर राहून नोकरी शोधू शकत नाही. तो घरीच राहतो. त्याची मुंबई म्हणजे मिरजोळे, लोटे-परशुराम, खेर्डी किंवा गाणे-खडपोली येथील एखाद्या कारखान्याचे फाटक होय. उद्योगांच्या सामाजिक दायित्वाचा प्रश्न या जिल्ह्यात या फाटकापाशी येऊन थांबतो.

कायदा काय मोजतो?

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. पाचशे कोटी रुपये निव्वळ मालमत्ता, एक हजार कोटींची उलाढाल अथवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे बंधन त्याने घातले. सातव्या अनुसूचीत या कार्यांची जी यादी आहे, तीत विशेष शिक्षण आणि दिव्यांगांसह इतर दुर्बल घटकांचे व्यवसायकौशल्य वाढविणे यांचाही समावेश आहे.

तथापि, ज्या दोन गोष्टींना कारखान्याची स्वतःची माणसे आणि स्वतःची जागा लागते, त्या या हिशेबात बसत नाहीत. कर्मचाऱ्यांनी समाजकार्यात भाग घ्यावा, यास उत्तेजन द्यावे, असे केंद्र शासनाने १२ जानेवारी २०१६ च्या परिपत्रकात म्हटले खरे. परंतु त्यांच्या विनामोबदला सेवेचे पैशांत मूल्य करून ते खर्चात दाखविता येणार नाही, हेही तेथेच स्पष्ट केले. दिव्यांग कामगाराला दिलेले वेतन तर कारखान्याच्या नित्य व्यवहाराचाच भाग. तेही या खर्चात धरता येत नाही. शासनाची ही भूमिका योग्यच म्हटली पाहिजे. वेतन हा कामगाराचा हक्क आहे, ते दान म्हणून खतावले जाऊ नये. मात्र याचा एक परिणाम असा होतो की, जे मोजले जाते ते उत्साहाने केले जाते आणि जे मोजले जात नाही ते अहवालातील एका छायाचित्रावर भागविले जाते. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावणारे वृक्षारोपण कोणाच्या परिचयाचे नाही?

दोन टक्क्यांतून होणाऱ्या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही. फिनोलेक्स उद्योगाशी संलग्न असलेल्या मुकुल माधव प्रतिष्ठानची गोळप येथील शाळा हे रत्नागिरी परिसरातील त्याचे ठळक उदाहरण आहे. परंतु शाळा ही तिजोरीतील पैशांतून उभी राहू शकते. नोकरी ही कारखान्यातच द्यावी लागते.

किर्लोस्करवाडीचे रखवालदार

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर कारखाना व वसाहत उभारली, त्या वेळी तुरुंगात शिक्षा भोगलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या राखणीचे काम दिले. वसाहतीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. ज्याच्याविषयी समाजाला धास्ती, त्याच्याच हाती राखण सोपविण्याचा हा निर्णय आजच्या कोणत्याही धोरणपत्रकाहून धाडसी होता. त्यात धर्मादायाचा भाग नव्हता. काम खरे होते आणि जबाबदारीही खरीच होती.

मुंबईत २००९ च्या सुमारास सुरू झालेल्या मिरॅकल कुरिअर्स या संस्थेनेही हेच सूत्र धरले. तिने कर्णबधिर तरुणांना टपाल पोहोचविण्याचे काम दिले. पत्ता वाचण्यासाठी कानांची गरज नसते, हे ओळखणे एवढेच मालकाच्या बाजूने आवश्यक होते.

काम माणसाला जुळविणे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यातील दिव्यांगत्वाचे सात प्रकार त्याने एकवीस केले आणि शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागा तीनवरून चार टक्के केल्या. बौद्धिक दिव्यांगत्वाला राखीव जागांत प्रथमच स्थान मिळाले. खाजगी क्षेत्रावर सक्ती नाही. तेथे किमान पाच टक्के कामगार लक्षणीय दिव्यांगत्व असलेले असावेत, यासाठी शासनाने आपल्या आर्थिक कुवतीनुसार प्रोत्साहन द्यावे, एवढेच कायदा सांगतो.

सक्ती नसताना काम होते ते बारकाव्यांनी. काजूगराची प्रतवारी बसून आणि डोळ्यांनी होते. आंब्याच्या रसाच्या डब्यांना वेष्टन लावणे, भांडारातील नोंदी ठेवणे हीही तशीच कामे. यंत्रांच्या गोंगाटात कर्णबधिर कामगाराचे काही अडत नाही. मात्र धोक्याचा भोंगा त्याला ऐकू येत नाही, म्हणून भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा हवा. खरी अडचण पुष्कळदा कारखान्याच्या आत नसून बाहेर असते. कोकणातील वाडी डोंगर उतारावर वसलेली असते व रस्त्यापर्यंत येण्यास जांभ्या दगडाची पाखाडी असते. पावसाळ्यात शेवाळलेल्या त्या पायऱ्या कुबड्या घेऊन उतरणे किती अवघड, हे मुंबईच्या मुख्य कचेरीत बसून ध्यानात येणार नाही. कंपनीची बस हमरस्त्यावर वेळेवर उभी असते आणि कामगार शंभर पायऱ्या खाली अडकलेला असतो.

स्वयंसेवेचा उपयोग येथे आहे. रविवारी पन्नास कर्मचाऱ्यांनी पाखाडीला कठडा बसविला, तर एका माणसाचा रोजगार टिकतो आणि साऱ्या वाडीतील वृद्धांची सोय होते. श्रमदान कोकणाला नवे नाही. पाऊस सरताच ओढ्यांवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारे घातले जातात. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्यांना त्यांचे मोल ठाऊक आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा चिखल उपसणारे हात किती लागतात, हेही जिल्ह्याने पाहिले.

अंगमेहनतीइतकेच कसबाचे दान महत्त्वाचे. रत्नागिरीत आविष्कार संस्थेचे सविता कामत विद्यामंदिर आणि त्याला जोडून शामराव भिडे कार्यशाळा बौद्धिक दिव्यांग मुलामुलींसाठी चालते. मंडणगड तालुक्यातील घराडी येथे स्नेहज्योती हे निवासी अंध विद्यालय आहे. अशा शाळांतील मुलांपुढे, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर पुढे काय, हा एकच प्रश्न उभा असतो. कारखान्याचा फिटर किंवा भांडारपाल आठवड्यातून दोन तास अशा कार्यशाळेत गेला, तर मुलाला हत्यार हाताळण्याची सवय होते. त्याहून मोठा लाभ त्या फिटरला होतो. मुलगा काय करू शकतो, कोठे गोंधळतो, सूचना कशी दिली म्हणजे त्याला समजते, हे त्याला कळते. पुढे हाच मुलगा कारखान्यात आला की, त्याला ओळखणारा एक तरी माणस तेथे आधीपासून असतो. पहिल्या महिन्यातच नोकरी सुटते ती बहुधा काम न जमल्यामुळे नव्हे, तर जेवणाच्या सुटीत शेजारी कोणी न बसल्यामुळे.

पालकांना माहीत असावी अशी एक तरतूद अखेरीस नमूद केली पाहिजे. अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करून त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवावयाची असते. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेने त्यात दिव्यांगांना योग्य अशा पदांची यादी, निवडीची पद्धत आणि पुरविल्या जाणाऱ्या सोयी यांचा उल्लेख करावा व एक संपर्क अधिकारी नेमावा, असे २०१७ चे नियम सांगतात. जवळच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याकडे ही यादी मागता येते. ती तयार नसेल, तर ती केव्हा होईल, हेही त्या अधिकाऱ्यास विचारता येते.