पुन्हा भिंती उभारताना

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात धरणी हादरली. धक्क्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यात होते आणि त्याची तीव्रता ४.५ होती. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. वाऱ्याने उडू नयेत म्हणून घराच्या पत्र्यांवर दगड ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. ते दगड उतरवावेत, असे प्रशासनाने लोकांना सांगितले. सूचना साधी, परंतु तिच्यामागचे ज्ञान मराठवाड्याने फार मोठे मोल देऊन मिळवले आहे.

२९ सप्टेंबर १९९३ रोजी गणपतींचे विसर्जन करून गावे गाढ झोपली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे, चार वाजण्यास काही मिनिटे उरली असता, किल्लारी व सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे ८,००० माणसे दगावली. खरे पाहता घात केला तो घरांनी. दगडमातीच्या जाडजूड भिंती बाहेरून भक्कम दिसत. परंतु त्यांचे आतील व बाहेरील थर एकमेकांस जोडलेले नसत. वर माळवदाच्या मातीचा भार! उन्हाळ्यात जिने गारवा दिला, त्याच मातीखाली माणसे गाडली गेली.

५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांतील इतर शेकडो गावांत मात्र घरे तडकलेल्या अवस्थेत उभी होती. त्यांत पुन्हा निजायचे कसे? शासनाच्या दुरुस्ती योजनेत गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. चावडीची पायरी चढण्याचीही ज्यांना सवय नव्हती, त्या आता अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या. भिंतीच्या दोन्ही थरांना सांधणारा आरपार दगड कोठे बसवावा, माळवदावरील माती किती कमी करावी, हे त्यांनी शिकून घेतले आणि शेजारणींना घरोघरी जाऊन समजावले. मोडक्या भिंतीपाशी उभे राहून ‘ही पुन्हा उभारता येईल’ असे सांगण्यास केवळ माहिती पुरत नाही.

२६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत कच्छ उद्ध्वस्त झाला. तेव्हा मराठवाड्यातील याच स्त्रियांपैकी काहीजणी तिकडे गेल्या. भाषा निराळी, मुलूख अनोळखी. तेथील स्त्रियांजवळ बसून त्यांनी आपली घरे कशी पडली ते सांगितले, आणि मग ती पुन्हा कशी बांधली तेही.