ॲमेझॉनचे अरण्य आणि न मोजलेले लव्हाळे

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

शेतातला लव्हाळा आपल्याकडील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. कितीही खुरपला तरी जमिनीतील गाठींतून तो पुन्हा डोके वर काढतो. ज्या कुळात तो मोडतो त्यास मराठीत मुस्तक कुल आणि शास्त्रीय भाषेत सायपरेसी म्हणतात. या कुळात सुमारे ५,५०० जाती आहेत. प्राचीन इजिप्तमध्ये ज्याच्यापासून कागद करीत तो पपायरसही याच कुळातला. एवढे मोठे कुळ असूनही जगातील सर्वांत मोठ्या वर्षावनात, म्हणजे ॲमेझॉनच्या खोऱ्यात, ते नेमके कोठे कोठे वाढते याचा नकाशा आजही अपुरा आहे. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम ओळख करून घेऊ. गवताचे ताट गोल, पेरांचे व बहुधा पोकळ असते. लव्हाळ्याचे ताट भरीव, बहुधा तीन कडांचे आणि बिनपेरांचे असते. माझी आई शाळेत गेलेली नाही, पण खुरपताना ताट बोटांत धरले की गवत कोणते आणि लव्हाळा कोणता हे ती न पाहता सांगते. मात्र कुळ ओळखणे सोपे असले तरी जात ओळखणे कठीण असते. त्यासाठी बारीक फळ भिंगाखाली पाहावे लागते. फुले-फळे नसताना गोळा केलेला नमुना पुष्कळदा नावाविनाच राहतो.

ॲमेझॉनमध्ये या कुळाची वस्ती अनेक प्रकारची आहे. दरवर्षी पुराने बुडणाऱ्या नदीकाठी आणि पाण्यावर तरंगणाऱ्या हिरव्या थरांत सायपरस व त्याचे सोयरे आढळतात. वाळूच्या उघड्या माळांवर ऱ्हिंकोस्पोरा वाढतो. दाट अरण्यातील सावलीत मात्र वेगळेच प्रकार दिसतात. डिप्लेशियाची पाने अननसाच्या पानांसारखी लांब व काटेरी कडांची असतात. स्क्लेरियाच्या काही जाती वेलीसारख्या झुडपांवर चढतात व त्यांच्या पानांची धार अंग कापते. यांना पाहून लव्हाळ्याची आठवणही होणार नाही.

आता अपुऱ्या माहितीची कारणे पाहू. पहिले कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. अरण्याची पाहणी करताना ठरावीक तुकडा आखून त्यातील झाडे मोजतात. पण बहुधा १० सेंटिमीटर किंवा त्याहून जाड खोडाचीच झाडे मोजली जातात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका मोठ्या अभ्यासाने ॲमेझॉनमध्ये सुमारे ३९,००० कोटी वृक्ष आणि १६,००० वृक्षजाती असाव्यात असा अंदाज दिला. काम थोर आहे, पण त्या हिशेबात पायाखालच्या लव्हाळ्याला जागा नाही.

दुसरे कारण वाटेचे. संशोधक नदीतून नावेने, रस्त्याने किंवा शहराच्या आसपास जातात. १९६९ मध्ये युर्गेन हाफर यांनी असे मांडले होते की, हिमयुगात अरण्याचे तुकडे पडले आणि त्या आश्रयस्थानांत नव्या जाती घडल्या. काही भागांत विशेष जाती अधिक दिसतात, हा त्यास पुरावा मानला जाई. १९९० मध्ये नेल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलमधील वनस्पतींच्या नमुन्यांची जुळवणी केली. तेव्हा असे दिसले की, जेथे जाती विपुल वाटत होत्या तेथेच नमुनेही अधिक गोळा झाले होते. म्हणजे आपण वनस्पतींचा नकाशा म्हणून जे पाहत होतो, तो बऱ्याच अंशी संशोधकांच्या पावलांचा नकाशा होता! वृक्षांची ही कथा, मग लव्हाळ्याची काय असेल? नदीकाठच्या जाती सर्वत्र आहेत असे वाटते आणि आतल्या जाती दुर्मिळ ठरतात.

तिसरी गोष्ट माणसांची. पेरूच्या ॲमेझॉन भागातील आदिवासी स्त्रिया 'पिरिपिरी' नावाचे लव्हाळे परसात लावतात व बाळंतपणात औषध म्हणून वापरतात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या झाडांवर बालान्सिया नावाची बुरशी आढळली. तिच्यामुळे झाडाला बी धरत नाही, आणि औषधी गुणही तिच्यामुळेच असावा असे संशोधकांना वाटते. ग्रंथांत येण्यापूर्वीच ही विद्या त्या स्त्रियांच्या हाती होती.

ब्राझीलची अवकाश संशोधन संस्था १९८८ पासून उपग्रहांच्या साहाय्याने दरवर्षीची जंगलतोड मोजते. किती अरण्य गेले हे त्यावरून कळते, पण त्याच्या सावलीत काय होते ते कळत नाही. एखादी जात कोठे आहे हेच ठाऊक नसेल तर तिचे रक्षण कसे करणार? म्हणून पाहणीच्या तुकड्यात जमिनीलगतच्या वनस्पतीही मोजाव्यात, न गेलेल्या वाटांनी जावे, संग्रहालयांत पडून असलेले नमुने पुन्हा तपासावेत आणि तेथील रहिवाशांना आदराने विचारावे. नकाशातील कोरी जागा रिकामी असतेच असे नाही, हे भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी विसरता कामा नये.