तपासणीच्या टेबलाआधी

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे प्लास्टिकचे भाग काढणाऱ्या शॉपमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. खराब माल टेबलावर निवडून बाजूला काढता येतो, पण चांगला माल मशिनवरच घडवावा लागतो. मशिन लावणाऱ्या, नव्याने येणाऱ्या सेटरांना मी हे सांगतो:

१. सुरुवात प्लास्टिकच्या दाण्यापासून करा. नायलॉन आणि पॉलिकार्बोनेट हवेतला ओलावा ओढून घेतात. पॉलिकार्बोनेट १२० अंश सेल्सिअसला तीन-चार तास वाळवून ओलावा ०.०२ टक्क्यांखाली आणावा लागतो. ओला दाणा बॅरलमध्ये गेला की वाफ होते आणि भागावर चंदेरी रेघा उमटतात. रेघा दिसल्या तर एक वेळ बरं, निदान माल अडवता तरी येतो. कधी भाग दिसायला स्वच्छ असतो, पण ओलाव्याने प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटलेल्या असतात आणि तो गाडीत बसवताना तडकतो. साधा हॉपर ड्रायर बाहेरचीच हवा गरम करून सोडतो. आपल्याकडच्या जुलैत ती हवाच दमट! अशा मालाला हवेतला ओलावा काढणारा ड्रायर हवाच. तिथली काटकसर मला कधीच पटली नाही.

२. वजनकाटा मशिनशेजारी ठेवा. मंजूर शॉटचं वजन लिहून ठेवायचं आणि दर तासाला ताजा शॉट त्याच्याशी ताडून पाहायचा. माप बिघडण्याआधी बहुतेकदा वजन हलतं. होल्डिंगचा, म्हणजे साचा भरल्यावर दाब धरून ठेवण्याचा वेळही काट्यावरच ठरवा. वेळ थोडा थोडा वाढवत भागाचं वजन घ्या. वजन वाढायचं थांबलं म्हणजे गेट, म्हणजे माल साच्यात शिरायची वाट, गोठला. त्यावर किंचित वेळ जास्त ठेवा; त्याहून जास्त म्हणजे नुसता सायकल टाइम वाया. गेट गोठण्याआधीच थांबलात तर दाब सुटताच माल गेटमधून मागे सरकतो आणि जाड भिंतीवर खळगे पडतात.

३. कुशनवर नजर ठेवा. स्क्रूपुढे थोडा वितळलेला माल उरलाच पाहिजे. तो आकडा शून्यावर आला तर होल्डिंगचा दाब साच्यात पोहोचत नाही. शॉटगणिक तो खालीवर होऊ लागला तर आधी चेक रिंग झिजली आहे का, ते पाहा.

४. गरम भागाला व्हर्नियर लावून निकाल देऊ नका. एबीएस साधारण अर्धा टक्का आकसतं, तर पॉलिप्रॉपिलीन एक ते अडीच टक्के, आणि तेही साच्याबाहेर आल्यावर बराच काळ आकसत राहतं. नायलॉन उलट ओलावा पिऊन फुगतं. ताज्या भागाचं माप आणि २४ तासांनंतरचं माप यांतला फरक प्रत्येक साच्यासाठी एकदा काढून ठेवा, म्हणजे पाळीत झटपट निर्णय घेता येतो.

५. एका वेळी एकच सेटिंग बदला, आणि बदललेलं लिहा.

६. वीज जाऊन आली की बॅरलमध्ये तापत राहिलेला माल आधी बाहेर काढा. वजन आणि कुशन पूर्ववत होईपर्यंतचे शॉट चांगल्या मालात मिसळू नका.

७. तपासणीच्या टेबलाशी बसणाऱ्या बायकांना विचारा. हजारो भाग हाताखालून गेल्याने फ्लॅशची बारीक कडा त्यांच्या बोटांना फार लवकर कळते. ‘चालेल’ आणि ‘चालणार नाही’ यांचे ग्राहकाने सही केलेले नमुने त्यांच्यासमोर असू द्या. कोणत्या कॅव्हिटीचा भाग सारखा बाजूला पडतोय हे त्यांनी सांगितलं, तर सेटरने त्याच पाळीत त्या मशिनपाशी जायला हवं.