शब्द माझे, मदत यंत्राची

(काही मुलांच्या मनात पुष्कळ विचार असतात, पण ते कागदावर उतरत नाहीत. अशा मुलांची अडचण कोणती आणि नवे यंत्र त्यांना कशी मदत करू शकते, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना शाहूवाडी तालुक्यात मलकापूर लागते. तेथून पुढे आंबा घाट आहे. पावसाळ्यात या भागात धो धो पाऊस पडतो. समजा, तुम्ही या गावात राहता आणि तुमच्या शेजारी वर्गात एक मुलगा बसतो.

हा मुलगा गोष्टी फार छान सांगतो. पण गुरुजींनी ‘माझे गाव’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या, की त्याचा हात थांबतो. तासाभरात जेमतेम दोन ओळी होतात. त्यांतही ‘घर’चे ‘धर’ होते आणि ‘भात’चा ‘मात’ होतो. वही लाल शाईने भरते. मुले हसतात. हळूहळू त्यालाही वाटू लागते, की आपण मठ्ठच आहोत.

तो खरेच मठ्ठ आहे का? मुळीच नाही.

तुम्ही दोन लिप्या शिकता. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, तर मराठी डावीकडून उजवीकडे. उर्दूत बे, पे, ते ही अक्षरे नुक्त्यांवरून ओळखावी लागतात. मराठीत ‘कि’ म्हणताना आधी ‘क’चा उच्चार येतो, पण वेलांटी मात्र ‘क’च्या आधी काढावी लागते. बहुतेक मुलांना हे सरावाने जमते. काही मुलांच्या मेंदूला अक्षर आणि आवाज यांची जोडी लावणे अवघड जाते. वाचनातील या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. लिहिण्यातील अडचणीला डिसग्राफिया म्हणतात. बुद्धी कमी असण्याशी यांचा संबंध नाही. मात्र एखाद्याचे शुद्धलेखन चुकते, म्हणून त्याला हे नाव देऊ नये. ती पारख तज्ज्ञांनीच करायची असते.

१८९६ साली इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याला साधे शब्दही वाचता येत नसत. पण त्याचे शिक्षक म्हणत, की सगळे शिक्षण तोंडी दिले, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरेल!

सर्वांचे मेंदू एकाच पद्धतीने चालत नाहीत. कोणाला अक्षरे जड जातात, कोणाचे लक्ष फार वेळ एके ठिकाणी टिकत नाही, तर कोणी स्वमग्न असतो. या वेगळेपणाला आज ‘न्यूरोडायव्हर्सिटी’, म्हणजे मेंदूंची विविधता, असे म्हणतात. आपल्या देशात २०१६ साली झालेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता सांगितल्या आहेत. त्यांत अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. रीतसर प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ही मेहरबानी नव्हे, हा त्यांचा हक्क आहे.

आता एक नवा लेखनिकही आला आहे. त्याचे नाव कृत्रिम बुद्धिमत्ता. २०२२ च्या अखेरीपासून ही साधने सामान्य माणसाच्या हाती आली. आपण बोललेले हे यंत्र लिहून काढते, लिहिलेले वाचून दाखवते, शुद्धलेखन सुधारते आणि विस्कळीत वाक्ये नीट लावते. यंत्राने असंख्य लेखांतून एकच गोष्ट शिकलेली असते : कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव आहे. म्हणून ते सफाईने लिहिते. पण त्याने तुमचे गाव पाहिलेले नसते.

आपल्या मित्राचेच पाहा. समजा, वडिलांच्या फोनवर, वडिलांना शेजारी बसवून, तो बोलू लागला, “आमच्याकडे पाऊस आला, की पत्र्यावर ताशा वाजतो. मग अम्मीला हाका मारल्या, तरी ऐकू जात नाहीत.” यंत्राने हे लिहून घेतले. मित्राने सांगितले, “नीट करून दे.” तेव्हा यंत्राने लिहिले : ‘मलकापूर येथे पावसाळ्यात मोठ्या प्रमाणात पर्जन्यवृष्टी होते. येथे रेल्वे स्थानक आहे.’

एकही चूक नसलेली सुबक वाक्ये! पण ताशा कोठे गेला? अम्मी कोठे गेली? आणि रेल्वे कोठून आली? रेल्वे स्थानक आहे ते बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूरला! कराडजवळही एक मलकापूर आहे. यंत्राचा नावांत घोटाळा झाला. तो कोणी पकडला? ज्याला सगळे मठ्ठ म्हणत होते, त्याने!

मग त्याने यंत्राला सांगितले, “माझे शब्द बदलू नकोस. फक्त शुद्धलेखन सुधार.” आता दहा ओळी तयार झाल्या. त्यांत ताशा होता, अम्मी होती, रेल्वे नव्हती. त्याने त्या यंत्राकडून दोनदा वाचून घेतल्या आणि मग सावकाश वहीत उतरवल्या. यंत्राची मदत घेतल्याचेही त्याने गुरुजींना सांगितले.

तुम्ही विचाराल, “ही नक्कल नव्हे का?” ज्याने विषय यंत्राला दिला आणि आलेला निबंध आपला म्हणून खपवला, त्याने नक्कल केली. ज्याचे विचार स्वतःचे आहेत आणि ज्याने अक्षरांपुरती मदत घेतली, त्याने नक्कल केली नाही. चष्मा लावणाऱ्याला आपण लबाड म्हणतो का? परंतु परीक्षेत मात्र मंडळाने परवानगी दिलेलीच मदत घ्यावी. आणि रोजचा सरावही सोडू नये. कारण यंत्र नेहमीच हाताशी असेल असे नाही.

अशी मदत घेणे नवे नाही. बादशहा अकबराला रोज ग्रंथ वाचून दाखवले जात. वाचन जेथे थांबे, तेथे तो स्वतःच्या लेखणीने खूण करी, असे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवले आहे. शिवाजी महाराजांची पत्रे चिटणीस व कारकून लिहीत. पत्राच्या शेवटी मोर्तब उमटे. म्हणजे त्यापुढे कोणी काही जोडू नये. लिहिणारा हात दुसऱ्याचा असे, पण हुकूम आणि जबाबदारी महाराजांची!

मित्रांनो, तुमच्या लेखनावरचे शिक्कामोर्तबही तुम्हीच करायचे आहे. आणि तुमच्या शेजारच्या बाकावर असा कोणी मित्र असेल, तर त्याच्या वहीला हसू नका. आधी त्याची गोष्ट ऐका.

शब्दार्थ
मठ्ठ – मंद बुद्धीचा. हकिकत – घडलेली गोष्ट. लेखनिक – दुसऱ्यासाठी लिहून देणारा. पर्जन्यवृष्टी – पाऊस पडणे. मोर्तब – पत्र संपल्याची मुद्रा. शिक्कामोर्तब करणे – पक्के करणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तर द्या : डिस्लेक्सिया म्हणजे काय?
२. यंत्राने लिहिलेल्या वाक्यांत कोणत्या दोन उणिवा होत्या?
३. ‘मदत’ आणि ‘नक्कल’ यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
४. तुमच्या गावातील पावसाविषयी मित्राला पाच वाक्ये तोंडी सांगा. मित्राने ती तुमच्याच शब्दांत लिहून घ्यावीत.