कृत्रिम सांधा बसविण्यापूर्वी

झिजलेल्या गुडघ्याच्या जागी कृत्रिम सांधा बसविण्याच्या शस्त्रक्रियेस ग्रामीण भागात ‘वाटी बदलणे’ असे म्हटले जाते. वस्तुतः मांडीच्या व नडगीच्या हाडांची झिजलेली टोके छाटून त्यांवर धातू व प्लॅस्टिकचे भाग बसविले जातात. ही शस्त्रक्रिया बहुतांशी यशस्वी होते. तथापि, शंभरांपैकी एकदोन रुग्णांच्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो. प्रमाण अल्प असले तरी परिणाम अल्प नाही. धातूच्या पृष्ठभागास रक्तपुरवठा नसतो. त्यावर जंतू चिकट थर करून राहतात व तेथे औषधाची मात्रा पुरेशी चालत नाही. पुष्कळदा बसविलेला सांधा काढून टाकावा लागतो आणि काही आठवडे वा महिने औषधोपचार करून पुन्हा नवा बसवावा लागतो. दोनएकर कोरडवाहू शेती असलेल्या कुटुंबास हा दुसरा खर्च पेलणे कठीण असते.

या धोक्याची जाणीव प्रथमपासून होती. इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात १९६२ साली खुब्याच्या सांधेरोपणाची आधुनिक पद्धत रूढ करणारे शल्यविशारद जॉन चार्नली यांच्या आरंभीच्या रुग्णांत संसर्गाचे प्रमाण शेकडा सुमारे ७ होते. गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्ष व इतर उपाय योजून त्यांनी ते एकाच्याही खाली आणले. मात्र शस्त्रक्रियागृह कितीही निर्जंतुक केले, तरी रुग्ण स्वतःची त्वचा व नाक बरोबर घेऊनच आत येतो. निरोगी माणसांपैकी सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा लोकांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू वास करीत असतो. अशा रुग्णांना पाच दिवस नाकात म्युपिरोसिन मलम व क्लोरहेक्सिडीनच्या द्रवाने स्नान दिले असता या जंतूचा संसर्ग शेकडा ७.७ वरून ३.४ वर आल्याचे नेदरलँड्समधील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

आपल्याकडे त्वचेचा प्रश्न अधिक बिकट आहे. दुखऱ्या गुडघ्यावर बिब्बा घालणे, डाग देणे, झाडपाल्याचे लेप बांधणे हे प्रकार अद्याप चालतात. त्याने उठलेला फोड वा जखम पूर्ण भरून येईपर्यंत शस्त्रक्रिया करता येत नाही. पायाच्या बोटांतील चिखल्या, टाचांच्या खोल भेगा, नखुरडे यांकडे शेतात अनवाणी राबणारा मनुष्य आजार म्हणून पाहतच नाही; जंतूंना मात्र तेवढी वाट पुरेशी असते. याउलट, स्वच्छतेच्या अतिउत्साहाने घरीच वस्तऱ्याने पायाचे केस काढणेही घातक आहे. वस्तऱ्याने त्वचेवर न दिसणारे चरे पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत वस्तऱ्याचा वापर निषिद्ध मानला असून, आवश्यकच असेल तर केस यंत्राने कापावेत, असे सांगितले आहे.

मधुमेह असल्यास केवळ आदल्या दिवशीची साखर पाहून भागत नाही. मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारी एचबीए१सी तपासणी करून घ्यावी. ती साधारणतः साडेसात-आठच्या वर असल्यास अनेक शल्यविशारद थांबण्याचा सल्ला देतात. धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद करावे. किडलेले दात व सुजलेल्या हिरड्या यांवर आधीच उपचार व्हावेत. रक्तक्षय व कुपोषण असेल तर जखम भरण्यास विलंब लागतो, म्हणून तेही सुधारून घेणे इष्ट. गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असल्यास त्यानंतर सुमारे तीन महिने जाऊ द्यावे लागतात. ही गोष्ट रुग्ण बहुधा सांगत नाही, कारण ते इंजेक्शन कशाचे होते हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. जुने कागद जपून ठेवण्याची सवय येथे उपयोगी पडते.

तपासणीअंती डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली की नातेवाइकांचा समज होतो की, रुग्णालय टाळाटाळ करीत आहे. मग ते सरपंचांकडे वा ओळखीच्या अधिकाऱ्याकडे जाऊन रदबदली करू पाहतात. अशा वेळी तारखेसाठी शब्द टाकण्यापेक्षा तारीख का पुढे गेली ते विचारून घेणे आणि साखर, दात किंवा जखम यांचा उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू करवून देणे हे अधिक उपयोगाचे साहाय्य होय. झिजलेला गुडघा महिना-दोन महिने थांबू शकतो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या दिवशी चीर देण्यापूर्वी, बहुधा तासाभराच्या आत, प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले जाते. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठले असेल अथवा दम लागला असेल, तर ते त्याआधीच डॉक्टरांना सांगावे.